तळ्यातला गणपती आणि पेशवे पार्क

पुण्यास स्वारगेटवर उतरून सारसबागेकडे निघालेल्या नवख्या यात्रेकरूस एक कोडे पडल्यावाचून राहत नाही. ज्या श्रींच्या दर्शनास तो चालला आहे त्यांना जुने पुणेकर ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. आणि तेथे जाऊन पाहावे तो तळे म्हणावे असे काही दिसत नाही. चहूंकडे हिरवळ, फुलझाडांचे ताटवे, उंचवट्यावर मंदिर, आणि जवळ कमळांचे एक लहानसे कुंड, एवढेच. बरोबर लहान मूल असले तर ते हटकून विचारते, “तळे कुठे आहे?” तेथून चार पावलांवर पेशवे पार्कात गेले म्हणजे दुसरा प्रश्न उभा राहतो. आजोबा नातवाला सांगतात, “येथे सिंह होता,” आणि नातू विचारतो, “मग तो गेला कुठे?”

ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच इतिहासात दडलेली आहेत, आणि तो इतिहास थोडक्यात सांगावा म्हणून आजचा हा लेख आम्ही लिहीत आहोत. पेशवे पार्क हे पुण्याचे खरे. परंतु त्याच्या आठवणी पुण्यापुरत्या नाहीत. बेळगाव, गोमंतक, इंदूर, बडोदे येथील कितीतरी मराठी घरांत मे महिन्याची सुट्टी म्हणजे पुण्याचे आजोळ, आणि आजोळ म्हणजे पर्वती, सारसबाग व पेशवे पार्क, असे समीकरण दोन पिढ्या रूढ होते. आज त्या पिढ्यांतील मंडळी एकत्र जमली की ‘पूर्वीचे पेशवे पार्क राहिले नाही’ असा सुस्कारा ऐकू येतो. तो सुस्कारा आमचाही आहे. पण ‘पूर्वीचे’ म्हणजे नेमके कोणते, आणि ते का राहिले नाही, हे पाहिल्याखेरीज नुसता सुस्कारा टाकणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाही.

प्रारंभ अर्थात पाण्यापासून केला पाहिजे. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या टेकडीवर श्रीदेवदेवेश्वराचे मंदिर उभारले ते इ. स. १७४९ मध्ये. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचे पाणी अडवून एक विस्तीर्ण तळे केले, तळ्याच्या मध्यभागी एक बेट राखले, आणि त्या बेटावर बाग लावली. हीच सारसबाग. राज्यकारभाराच्या गुप्त मसलती ह्या तळ्यात नौकेत बसून होत, आणि बोलणे बाहेर फुटू नये म्हणून नावाडी मराठी न जाणणारे ठेवीत, अशी कथा परंपरेने सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी एवढे निश्चित की, हे तळे शोभेचे तसेच उपयोगाचेही होते, आणि ते बांधणाऱ्या पुरुषाला पाण्याची खरी जाण होती. ह्याच नानासाहेबांनी कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधून तेथून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणले. आंबील ओढा उगम पावतो तो त्याच कात्रजच्या डोंगरात. कात्रजचा तलाव आणि पर्वतीचे तळे ही एकाच ओढ्याची दोन अपत्ये होत. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. लेखाच्या अखेरीस तिचा आपणांस उपयोग होणार आहे. पानिपतच्या घोर आघातानंतर २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांनी देह ठेवला तोही पर्वतीवरच, आपण निर्माण केलेल्या देवालयाच्या आश्रयाने.

बेटावरील गणपतीची स्थापना त्यानंतरची. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी, इ. स. १७८४ मध्ये, बेटावर लहानसे मंदिर बांधून श्रीसिद्धिविनायकाची मूर्ती स्थापन करण्यात आली. चहूंकडे पाणी असल्यामुळे लोक त्याला तळ्यातला गणपती म्हणू लागले. गोमंतकीय वाचकांस ह्या नावातील गोडवा वेगळा सांगावयास नको. मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी येथील देवालये ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना देव आणि तळी ह्यांचा संबंध किती निकटचा असतो हे ठाऊक आहे. तळीवाचून देवालय ही कल्पनाच त्यांच्या मनाला रुचत नाही. आणि पेशवाईचे गोमंतकीय देवस्थानांशी नातेही होतेच. रामचंद्र मल्हार सुखठणकर ह्यांच्या सूचनेवरून मंगेशी गाव श्रीमंगेशाच्या देवस्थानास इनाम मिळाला तो १७३९ मध्ये, पर्वतीचे मंदिर उभे राहण्याच्या दहा वर्षे आधी.

आता सिंहाकडे वळू. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ चा. वडील नारायणराव त्यांच्या जन्मापूर्वीच मारले गेलेले. पेशवाईची वस्त्रे पाळण्यात असतानाच अंगावर आलेली. आणि कारभार सर्वस्वी नाना फडणिसांच्या हाती. बेटावर गणपतीची स्थापना झाली त्या वेळी हे पेशवे अवघे दहा वर्षांचे होते. त्यांना पशुपक्ष्यांचा मोठा नाद. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. त्यात सिंह, वाघ, गेंडा असे प्राणी पाळलेले असत. मेजर प्राइस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हा शिकारखाना पाहून आपल्या आठवणींत त्याची नोंद केली आहे. त्याच्या मनात सर्वांत अधिक भरला तो सिंह अथवा गेंडा नव्हे, खुरासानी उंट!

पुणे दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट ह्यांचा वृत्तांत तर याहून मनोवेधक आहे. पेशव्यांनी माणसाळवलेली काळविटे गायनवादनाचा स्वर कानी पडताच जवळ येत, स्वरांत गुंग होऊन उभी राहत, आणि त्यांच्यापैकी काही झोपाळ्यावर चढून झोकेही घेत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. एक पोरका राजपुत्र, ज्याच्या प्रत्येक पावलावर वडीलधाऱ्यांची नजर, तो मोकळ्या मैदानात हरणांना झोका घेताना पाहत आहे, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. ह्या जागेवर हरखून गेलेले पहिले मूल कोणते असे कोणी विचारले तर आम्ही सवाई माधवरावांचेच नाव घेऊ.

ह्या शिकारखान्याचा एक साक्षीदार आजही शिल्लक आहे, आणि तो कागदावर आहे. मॅलेटसाहेबांच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा पुण्याचा चित्रकार होता. त्याने नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. पर्वतीच्या पायथ्याचा गेंडा गेला, शिकारखाना गेला, पेशवाई गेली. गंगारामाच्या कुंचल्याने टिपलेला गेंडा मात्र सातासमुद्रापलीकडे सुरक्षित राहिला. हे चित्र काढले गेल्यानंतर पाच वर्षांनी, १७९५ च्या ऑक्टोबरात, शनिवारवाड्यात वरून पडून सवाई माधवरावांचा अंत झाला. पुढे १८१८ मध्ये राज्यच संपले, तेव्हा हरणांच्या झोपाळ्याची काय कथा!

त्यानंतरची सव्वाशे-दीडशे वर्षे आपण झपाट्याने ओलांडू. पर्वतीची पूजाअर्चा श्रीदेवदेवेश्वर संस्थानाकडे चालू राहिली. गणपतीचे दर्शनही अखंड राहिले. पाण्याचे मात्र तसे झाले नाही. तळे विसाव्या शतकात नाहीसे झाले, आणि त्या खोलगट जमिनीवर आजचे उद्यान आले. पुढे सारसबागेचे नाव पंचवीस एकरांच्या ह्या उद्यानास लाभले, आणि ज्या बेटाचे ते मूळ नाव ते बेट एक टेकाड होऊन राहिले.

पुणे महानगरपालिका १९५० मध्ये स्थापन झाली. पुढे तीनच वर्षांनी, १९५३ मध्ये, तिने सारसबागेशेजारच्या सुमारे सात एकर जागेत प्राणिसंग्रहालय सुरू करून त्यास पेशवे पार्क असे नाव दिले. जेथे पेशव्यांचा शिकारखाना होता त्याच परिसरात पुन्हा वाघ-सिंहांची डरकाळी उठली. मात्र ह्या वेळी ती ऐकण्यास दरबारी मानकऱ्याची शिफारस लागत नव्हती. आमच्या मते स्वातंत्र्याचा अर्थ सामान्य माणसाच्या मुलास ज्या लहानसहान गोष्टींतून कळला त्यांपैकी ही एक होय.

आणि १९५६ च्या एप्रिल महिन्याच्या ८ तारखेस ‘फुलराणी’ धावू लागली. बालकवींच्या कवितेची सहजच आठवण व्हावी असे हे नाव एका छोट्या आगगाडीस लाभले, आणि ते मुलांच्या ओठी असे बसले की पुढे कित्येकांना कवितेच्या आधी गाडी ठाऊक झाली. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील सुप्रसिद्ध डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले, आणि त्याच्याही भोवती एक छोटी आगगाडी फिरत असे. त्या गोष्टीस नऊ महिने होतात न होतात तोच पुण्याच्या मुलांना त्यांची फुलराणी मिळाली. तेथे कोट्यवधींचा खर्च, येथे एका नगरपालिकेची हौस. पण डब्यात बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरील आनंदात फरक पडला असेल असे आम्हांस वाटत नाही.

येथे थोडे स्वानुभवाचे लिहितो; वाचकांनी क्षमा करावी. आमच्या बेळगावकडील मंडळींना पुण्याची दोन दारे होती. एक मीटरगेजची गाडी, मिरजेवरून रात्रभर डुलत येणारी, दुसरी एस. टी., जी कात्रजचा घाट उतरून स्वारगेटला थांबे. मुलांचा आग्रह नेहमी एस. टी.चा, कारण स्वारगेटपासून पेशवे पार्क जवळ, आणि ‘येताना दिसेल’ अशी एक वेडी आशा. मामांच्या घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी सर्व नातवंडांना घेऊन निघे. तिचा एक नियम होता : “आधी देव, मग वाघ.” प्रथम तळ्यातल्या गणपतीचे दर्शन, एक प्रदक्षिणा, हातावर प्रसाद, त्यानंतरच फाटकातून आत. मग माकडांपुढे हसणे, मोर पिसारा केव्हा फुलवतो म्हणून ताटकळणे, हत्तीवर बसण्यासाठी धीर गोळा करणे, आणि शेवटी फुलराणीच्या रांगेत उभे राहणे. गाडी सुटली की आजी कठड्याबाहेर उभी राहून हात हलवी. गाडी वळसा घालून परत येईपर्यंत ती तेथेच असेल ना, एवढीच काय ती त्या प्रवासातील चिंता. ती असेच. परतताना भेळ अथवा फुटाणे, आणि वाटेत सिंहाची नक्कल.

एवढे सगळे सुखाचे. पण आम्हांस एक न सुखावणारी आठवणही आहे, आणि ती गाळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सिंहाच्या पिंजऱ्यापुढे आम्ही उभे होतो. सिंह गजांच्या कडेने चार पावले जाई, वळे, पुन्हा चार पावले येई, पुन्हा वळे. आम्ही मुले मोजू लागलो. पन्नासच्या पुढे मोजण्याचा कंटाळा आला, पण सिंहाचे चालणे थांबले नाही. आजी हलक्या आवाजात म्हणाली, “ह्याचा कोणता भोग सरायचा राहिला आहे, देवास ठाऊक.” देवीचे वाहन म्हणून ज्याच्यापुढे ती हात जोडी, त्याला असा येरझारा घालताना पाहून तिचे मन कष्टी झाले होते. त्यात कोणा एकाचा दोष नव्हता. त्या काळी देशोदेशींच्या शहरांतील प्राणिसंग्रहालये बव्हंशी अशीच होती : गज, फरशी आणि पुढे माणसांची गर्दी. सात एकरांत बाग, गाडी, माणसे आणि वनराज हे सर्व बसवावयाचे म्हणजे वनराजाच्या वाट्याला किती जागा येणार?

काळाने ह्या प्रश्नाची दखल घेतली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९९१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणारे केंद्रीय प्राधिकरण १९९२ पासून अस्तित्वात आले. प्राण्यांना किती जागा हवी, निवारा कसा हवा, ह्याचे नियम ठरले. शहराच्या मध्यभागी असलेल्या लहान आवारांना ते पाळणे कठीणच होते. पुण्यात त्याआधीच, १९८६ मध्ये, कात्रजला सर्पोद्यान सुरू झाले होते. तेथेच मोठे संग्रहालय करण्याचे ठरले, आणि १४ मार्च १९९९ रोजी राजीव गांधी प्राणिसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले. त्याचा विस्तार सुमारे एकशे तीस एकर, त्यांपैकी बेचाळीस एकर नुसता तलाव. पेशवे पार्कातील प्राणी टप्प्याटप्प्याने तेथे नेण्यात आले. रिकाम्या झालेल्या आवारात पुढे ऊर्जा उद्यान करण्यात आले. सूर्य, वारा आणि स्वतःचे पाय ह्यांच्यापासून शक्ती कशी मिळते, हे मुलांनी खेळता खेळता शिकावे असा त्याचा हेतू.

असे स्थलांतर पुण्यातच झाले असे नाही. हैदराबादच्या मराठी वाचकांना आठवत असेल की, तेथील बाग-ए-आममधील प्राणी १९६३ मध्ये उघडलेल्या नेहरू प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले, म्हणजे पुण्याच्या छत्तीस वर्षे आधी. शहरातील जुन्या बागेवर पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेम जडते, हे तर बडोदेकरांना सांगावेच लागत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८७९ मध्ये प्रजेसाठी घडविलेली सयाजीबाग, म्हणजेच त्यांची लाडकी कमाटीबाग, हे त्याचे प्रत्यक्ष उदाहरण होय.

आता वाचकांस ध्यानात ठेवावयास सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ. पेशवे पार्कातील सिंह-वाघ गेले कोठे? कात्रजला. तेथे ज्या बेचाळीस एकरांच्या तलावाच्या काठी त्यांचा नवा निवास झाला, तो तलाव नानासाहेब पेशव्यांच्याच काळचा. आणि ज्या ओढ्याच्या पाण्याने तळ्यातल्या गणपतीचे तळे भरत असे, तोच ओढा ह्या तलावातून खाली वाहतो. म्हणजे खालचे पाणी आटले, आणि प्राणी पाण्याच्या उगमाकडे गेले. ‘पेशवे पार्क गेले’ असे आपण म्हणतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता ते एका पेशवेकालीन तळ्यावरून दुसऱ्या पेशवेकालीन तळ्याकडे सरकले आहे. बेळगावच्या वाटेने येणाऱ्यास तर आता घाट उतरताच प्रथम सिंहच लागतो. आमची लहानपणीची ‘येताना दिसेल’ ही आशा अशा आडवळणाने खरी ठरली!

मग हळहळ कशाची? आम्ही ह्याचा पुष्कळ विचार केला. पिंजऱ्यातील ती चार पावले परत यावीत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. आजीलाही वाटले नसते. हरवले आहे ते दुसरेच काही. देव, वाघ आणि आगगाडी ही तिन्ही एका संध्याकाळी, एका म्हाताऱ्या बाईच्या पायांना झेपेल एवढ्या अंतरात होती. पेठेतील कारकुनाचे मूल आणि परगावाहून आलेले पाहुण्याचे मूल एकाच बाकावर बसत होते. आता दर्शन एकीकडे, प्राणी दुसरीकडे, आणि करमणूक शहराबाहेर, मोठ्या तिकिटाच्या आत. प्रत्येक गोष्ट पूर्वीहून मोठी व कदाचित चांगलीही झाली आहे. पण त्यांना एकत्र बांधणारी पायवाट तुटली. प्राण्यांस मोकळी जागा देणे हे पुण्यकर्मच होय. परंतु नातवंडांना हाताशी धरून आजीने पायी जावे अशी जागा शहरात राखणे हेही कोणाचे तरी कर्तव्य आहे, आणि ते बजावले जात आहे की नाही हे आपण विचारले पाहिजे.

दुसरी हळहळ पाण्याची. तळे बुजले तेव्हा त्याच्यासाठी फारसे कोणी रडले असेल असे वाटत नाही. डास गेले, बाग झाली. पण २०१९ च्या सप्टेंबरात ह्याच आंबील ओढ्याला एका रात्रीत महापूर आला, काठची घरे उद्ध्वस्त झाली आणि माणसे दगावली. जो ओढा अडवून नानासाहेबांनी तळी केली, तो ओढा शहर विसरून गेले होते. ओढा मात्र आपली वाट विसरला नव्हता. आमच्या गावोगावच्या देवस्थानांच्या मंडळींनी ह्यातून बोध घ्यावा अशी विनंती आहे. देवालयाची तळी गाळाने भरत असेल तर ती वेळीच उपसावी. तळी एकदा गेली की नाव उरते, पाणी उरत नाही.

तिसरी गोष्ट लिहून ठेवण्याची. गंगाराम तांबटाने गेंडा काढला नसता तर आज तो आपल्या डोळ्यांपुढे उभा राहिला नसता. मॅलेटसाहेबांनी लिहिले नसते तर हरणांचा झोपाळा कोणास ठाऊक झाला असता? पेशवे पार्काचे वैभव पाहिलेली पिढी आता साठी-सत्तरी ओलांडत आहे. त्यांच्या घरांत हत्तीवर बसलेल्या पोरांची छायाचित्रे, फुलराणीचे एखादे जपून ठेवलेले तिकीट, एखादे सुट्टीतले पत्र असेल. ती मंडळी आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकावे, तारीखवार टिपावे, छायाचित्रामागे नावे लिहावीत. सुखाचे लिहावे तसेच सिंहाच्या येरझाऱ्यांचेही लिहावे. गोड तेवढेच जपले तर ती आठवण होईल, इतिहास होणार नाही.

फुलराणीची ओढ अजूनही ओसरलेली नाही, हे पाहून समाधान वाटते. तळ्यातल्या गणपतीपुढे संध्याकाळी आजही गर्दी असते, आणि त्या गर्दीत बाहेरगावाहून आलेले एखादे मूल आजही विचारते, “तळे कुठे आहे?” त्या वेळी ‘ते नुसते नाव आहे’ असे म्हणून पुढे जाऊ नये. क्षणभर पायरीवर बसावे आणि सांगावे की, येथे पाणी होते, त्यात नाव चालत असे. पलीकडे एक तुझ्याएवढा पेशवा हरणांना झोका देत असे. मग सिंह आला, आगगाडी आली, आणि सिंह आता वरच्या तळ्याकाठी राहावयास गेला आहे. मग मुलाला घेऊन श्रींस एक प्रदक्षिणा घालावी आणि फुलराणीकडे वळावे. आधी देव, हा आजीचा नियम तेवढा मोडू नये.